फारकत झाली, जमिनीचे काय?

सोयाबीनची रास उरकली की कृषी खात्याच्या माणसांना उसंत मिळते, असा गावाचा समज आहे. प्रत्यक्षात त्याच दिवसांत सगळी कागदाची कामे गळ्यात पडतात. २०२५ साली शेतकरी ओळखपत्राचे काम चालू असताना तेरखेड्यात आम्ही असेच बसलो होतो. आधार, सातबारा, मोबाईलवर आलेला आकडा, पुढचा माणूस, असे सकाळपासून चालले होते. दुपारी पस्तिशीतली एक बाई भावाला सोबत घेऊन आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तीत घडी घातलेला एक कागद.

"साहेब, माझ्या नावानं कार्ड निघंल का?"

"ताई, सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

"सासऱ्याच्या अन् त्यांच्या. पण चौदा वर्षं पेरलं-काढलं ते मीच. ते गाडीवर असायचे."

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ओळखपत्र नाही. ओळखपत्र नाही म्हणून खात्याच्या बहुतेक योजनांना ती शेतकरी नाही. हे मी तिला सांगितले. मग तिने पिशवीतला कागद काढला. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेला फारकतनामा. दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या, एक-दोन अंगठे, खाली नोटरीचा शिक्का. आजपासून एकमेकांवर हक्क राहिला नाही, पोटगी मागणार नाही, जमिनीत हिस्सा मागणार नाही, मुलगी आईकडे राहील, अशा मजकुराचा. भाऊ म्हणाला, "साहेब, यावर काही करता येतं का? आन् करायचं तर वकील कुठला बघावा? पैसा बी लई नाही आमच्याकडं."

मी कृषी पदविका घेतलेला माणूस. तुरीवरच्या घाटेअळीला काय फवारायचे ते सांगीन, काडीमोडीचे औषध आमच्या पुस्तकात नव्हते. पण त्या दिवसापासून ओळखीचे वकील, कोर्टातले कारकून यांना गाठून विचारत गेलो. कारण असे कागद एका बाईच्या पिशवीत नाहीत, गावोगावच्या पिशव्यांत आहेत. जे कळले ते इथे मांडतो. गावकारभारी मंडळींनी तर ते जरूर वाचावे, कारण फारकतनामे लिहिताना पंच म्हणून आपणच बसलेले असतो.

पहिली गोष्ट त्या कागदाची. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. या कायद्याखाली झालेले लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय मोडत नाही. नोटरीने शिक्का मारला म्हणजे सही कुणाची ते पटले, एवढाच त्याचा अर्थ. पंचांनी, तंटामुक्ती समितीने किंवा सरपंचाने समेट जरूर घडवावा, घटस्फोट मात्र त्यांना देता येत नाही. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायद्याच्या कलम २९ ने ती राखलीही आहे. पण अशी रूढी आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. नुसते "आमच्यात असंच असतं" म्हणून भागत नाही. आपल्या जिल्ह्यातले पारधी बांधव अनुसूचित जमातीत येतात, त्यांना हा कायदा आपोआप लागू नाही. त्यांची वाट वेगळी आहे, वकिलाला ते आधीच सांगावे.

मग या कागदाने होते काय? लग्न कायद्याने शाबूत राहते आणि दोघेही मोकळे झालो म्हणून पुढे जातात. नवरा दुसरे लग्न करतो. ते लग्न कायद्याने रद्दबातल, आणि वर गुन्हा. त्यात फसते ती दुसरी बाई. यमुनाबाई आढाव यांचा महाराष्ट्रातला खटला वकील मंडळींना पाठ असतो. १९७४ साली विधिवत लग्न झाले, पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे लग्नच नव्हे, त्यामुळे पत्नी म्हणून पोटगी नाही. पुढे २०१३ साली, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, पहिले लग्न लपवून फसवणाऱ्याला पोटगीतून सुटता येणार नाही असे त्याच न्यायालयाने म्हटले. तेवढा दिलासा मिळाला. पण त्यासाठी बाईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. दोन बायका, दोघींची लेकरे आणि एक सातबारा, अशी वारसाची प्रकरणे तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण चावडीत अजून तलाठीच) काही नवी नाहीत. त्यांची मुळे शोधली तर पुष्कळदा असा एखादा मुद्रांक सापडतो.

आणखी एक पेच आहे. "पोटगी मागणार नाही" असे बाईकडून लिहून घेतले तरी कायद्याने दिलेला पोटगीचा हक्क अशा कागदाने संपत नाही, मुलीचा हक्क तर आईलाही सोडता येत नाही. पण पोटगीच्याच कलमात अशीही तरतूद आहे की नवरा-बायको परस्परांच्या संमतीने वेगळे राहत असतील तर पोटगी नाही. म्हणजे समोरचा वकील नेमका हाच फारकतनामा कोर्टापुढे धरणार. घटस्फोट तर झालेला नाही आणि वेगळे राहायला मात्र संमती दिलेली, अशा कात्रीत बाई सापडते. म्हणून अशा कागदावर सही करू नये, आणि पंच म्हणूनही करू नये.

आता जमिनीकडे येऊ. या बाबतीत दोन्हीकडे गैरसमज आहेत. पुरुषांना भीती असते की घटस्फोट झाला की बायको निम्मी जमीन नेणार. बायांना आशा असते की इतकी वर्षे राबलो, काहीतरी तुकडा मिळेल. दोन्ही खोटे आहे. आपल्याकडे घटस्फोटात नवऱ्याची जमीन वाटली जात नाही. निम्मी नाही आणि एक गुंठासुद्धा नाही. ज्याच्या नावाची त्याची.

शेजारच्या गोव्यात असे नाही. तिथे पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेला दिवाणी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि लग्न मोडले तर दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. सावंतवाडीची मुलगी आणि पेडण्याची मुलगी यांच्यात एक सीमा आहे, एवढाच काय तो फरक. देशभरासाठी काहीतरी करावे असा प्रयत्न दिल्लीत झाला होता. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला योग्य वाटा द्यावा अशी तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूरही केले. लोकसभेत ते आलेच नाही. २०१४ साली लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. त्यानंतर आलेल्या कोणत्याच सरकारला ते पुन्हा आणावेसे वाटले नाही. शेतीमालाच्या भावावर बोलणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी यावरही एखादे वेळी तोंड उघडले तर बरे होईल.

एक हिशेब मांडतो, शेतकऱ्याला हिशेबाने पटकन कळते. सांगलीच्या कोर्टात हिराबाई मगदूम यांनी वाटणीचा दावा लावला. पती खंडाप्पा १९६० साली वारलेले, मागे हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ साली निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की खंडाप्पा मरण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे धरा. बाप, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे, म्हणजे आईचा चौथा हिस्सा. मग बापाचा चौथा हिस्सा सहा वारसांत वाटा, त्यातला एक पुन्हा आईला. बेरीज चोवीसपैकी सात. चोवीस एकराचे कुटुंब असेल तर सात एकर. आज मुलीही जन्मापासून हिस्सेदार असल्याने हाच हिशेब केला तर ढोबळमानाने चार एकर येतात.

हिराबाईंना हे मिळाले, कारण त्या खंडाप्पांच्या विधवा होत्या. त्याच घरात, तितकीच वर्षे, तितकीच राबलेली बाई नवऱ्याच्या हयातीत घटस्फोट घेऊन बाहेर पडली असती तर चोवीसपैकी शून्य. बापाने मुलांशी वाटणी केली तर आईला मुलाइतका वाटा मिळतो, पण ती वाटणी तिला स्वतःहून मागता येत नाही. म्हणजे नवऱ्याच्या मरणाने जे मिळते ते घटस्फोटाने जाते. पुष्कळ बाया मार खाऊनही नांदत राहतात, त्यामागे हा हिशेबही असतो. तो त्यांना कुणी शिकवलेला नसतो, पण बरोबर ठाऊक असतो.

तरीही घटस्फोटात बाईच्या हाती काहीच लागत नाही असे मुळीच नाही. स्त्रीधन तिचे. लग्नात तिला मिळालेले दागिने, भांडीकुंडी, पैसा यावर तिची पूर्ण मालकी आहे. सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला असते, असे १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. लग्नातली यादी, सोनाराच्या पावत्या आणि फोटो जपून ठेवावेत. आपल्याकडे लग्नाचा अल्बम सासरीच राहतो आणि पावत्या माहेरी कुणी जपत नाही. मग दोन तोळ्यांवरून वर्ष-वर्ष तारखा पडतात.

खटला चालू असताना खर्चाला आणि पोटापाण्याला रक्कम मागता येते, आणि निकालाच्या वेळी कायमची पोटगी. विवाह कायद्याची ही दोन्ही कलमे नवरा आणि बायको दोघांनाही आहेत, हे पुरुषांनीही लक्षात ठेवावे. घटस्फोटाच्या भानगडीत न पडता नुसती पोटगी मागायची तर पूर्वीचे १२५ कलम आता नव्या संहितेत १४४ झाले आहे. मुस्लिम भगिनींनाही हे कलम खुले आहे. शाहबानो यांच्या १९८५ च्या निकालापासून यावर बरेच महाभारत झाले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही या कलमाखाली दाद मागू शकते. मेहर वेगळी, तिचा हक्क स्वतंत्र.

पोटगीचे आकडे ठरवताना शेतकरी नवरा नेहमी एकच सांगतो, "साहेब, कोरडवाहू हाय, पिकत काय न्हाई." आणि त्या वर्षी खरेच काही पिकलेले नसते, हेही आमच्या भागात खोटे नाही. यावर नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात एक पक्की पद्धत घालून दिली. दोघांनीही आपली मिळकत आणि देणी शपथेवर लिहून द्यायची. त्यासाठी शेतकऱ्यांचा वेगळा नमुना आहे. त्यात जमीन किती, जिरायत की बागायत, कोणती पिके, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न, बटईने केलेली जमीन, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, जमिनीवरचे कर्ज असे सगळे विचारले आहे. पीक पाहणी, दूध डेअरीचे बिल, कारखान्याची उसाची पावती, बाजार समितीची पट्टी हे सगळे त्याला जोडता येते. खोटे लिहिले तर खोट्या शपथेचा गुन्हा. हा नमुना भरताना गावातले लोक आम्हाला विचारायला येतील, आणि कृषी खात्याच्या माणसांनी तो भरायला मदत करावी असे मला वाटते. दोन्ही बाजूंना करावी.

सातबारावाल्यांनी पुढचे नीट वाचावे. कायमच्या पोटगीची रक्कम वसूल व्हावी म्हणून कोर्ट नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवू शकते. विवाह कायद्याच्या २५ व्या कलमातच तसे आहे. जमीन बायकोच्या नावावर होत नाही, पण सोसायटीच्या कर्जासारखा पोटगीचा बोजा इतर हक्कांत चढतो. बाईच्या वकिलाने हे मागितले पाहिजे. पुष्कळदा मागितले जात नाही, आणि मग दरमहाची पोटगी दोन महिने येते आणि बंद पडते.

राहत्या घराचे आणखी एक. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी सून जिथे नांदत होती तिथून तिला हाकलता येत नाही, असे २०२० च्या निकालाने पक्के झाले आहे. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये. मुलांचे मात्र वेगळे आहे. बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलगा-मुलीचा हिस्सा जन्माने असतो, तो आई-बापाच्या घटस्फोटाने तुटत नाही. त्या ताईच्या मुलीचा हिस्सा त्या फारकतनाम्याने रेघभरही कमी झालेला नव्हता. हे ऐकून ती मायलेकींसाठी काही आहे म्हणून पहिल्यांदा खुर्चीवर टेकून बसली.

आता नवऱ्यांचा एक आवडता उपाय. कोर्टाची नोटीस आली की भावाच्या नावाने हक्कसोडपत्र करून टाकायचे, म्हणजे बायकोला दाखवायला काही उरत नाही. अशा व्यवहाराला कोर्टात आव्हान देता येते, ते एक झाले. पण समजा ते टिकले, तर जमीन भावाची झाली. भाऊ चांगला असेल, त्याची मुले कशी निघतील? बायकोला वर्षाला काही हजार द्यायला नको म्हणून तीन एकर भावाला देऊन बसलेला, आणि आता त्याच्याच बांधावर रोजाने जाणारा एक गृहस्थ माझ्या मंडळात आहे. नाव सांगत नाही.

वकील कुठला बघावा, हा त्या भावाचा प्रश्न सगळ्यात व्यवहारी होता. आपल्याकडे वकील निवडण्याची रीत अशी की पुढाऱ्याने सांगितला तो, किंवा ज्याच्याकडे बांधाची फौजदारी दिली होती तो. बांधाच्या मारामारीत जामीन काढणारा वकील हुशारच असतो, पण घटस्फोट हे दिवाणी स्वरूपाचे काम आहे आणि त्यात जमीन असेल तर सातबारा, फेरफार, वाटणी हे समजणारा माणूस पाहिजे. पहिल्या भेटीत सरळ विचारावे की अशी प्रकरणे किती चालवली, माझ्या प्रकरणात काय-काय मागता येईल आणि काय मिळणार नाही. काय मिळणार नाही हे जो पहिल्याच दिवशी सांगतो, त्याच्याकडे काम द्यायला हरकत नाही. "निम्मी जमीन काढून देतो" म्हणणाऱ्याचा चहा पिऊन उठावे.

फी आधी ठरवावी, कागदावर घ्यावी, दिलेल्या पैशाची पावती मागावी. मिळालेल्या रकमेतला किंवा जमिनीतला टक्का फी म्हणून घ्यायला वकिलांना त्यांच्याच बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. मूळ कागद देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. कोर्टात मूळ दाखल करायचे तर त्याची नोंद आपल्याकडे ठेवावी. वकील बदलता येतो, वकीलपत्र म्हणजे लग्नगाठ नव्हे. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा २००० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तारखेला काय झाले ते ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर पाहता येते, शेजारच्या बारावीच्या पोराला सांगितले तरी दाखवील. "तारीख पडली" एवढ्यावर समाधान मानून दीडशे रुपये एसटीला घालू नयेत. आणि दोघांचा मिळून एकच वकील करण्याची सोय सांगितली जाते, ती संमतीच्या घटस्फोटातही धोक्याची. निदान सही करण्याआधी बाईने दुसऱ्या एखाद्या वकिलाला मसुदा वाचायला द्यावा.

पैसा नाही म्हणून कुणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, अंमल नोव्हेंबर १९९५ पासून. त्यात स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि तिच्या उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांनाही तसाच. इतर पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका कोर्टात समिती असते, धाराशिवला जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन करायचा तर १५१००. फुकटचा वकील लक्ष देत नाही, असे लोक म्हणतात. काही देत नाहीत हे खरे. मग तसा अर्ज करून वकील बदलून मागावा, तीही सोय आहे. घटस्फोट, पोटगी, हिंसाचार आणि संसारातल्या मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात बायांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

नवरा पुण्याला किंवा मुंबईला असला म्हणून पोरीने तिकडे हेलपाटे घालायचे कारण नाही. २००३ च्या दुरुस्तीपासून बायकोला ती सध्या राहते त्या हद्दीतल्या कोर्टात अर्ज करता येतो. दोघांची संमती असेल तर एक वर्ष वेगळे राहिल्यावर अर्ज होतो, मग सहा महिने थांबावे लागते. २०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट हे सहा महिने माफही करू शकते. संमतीच्या तडजोडीत जमीन द्यायची ठरली असेल तर हुकूमनाम्याची नोंदणी लागेल का हे वकिलाला आधी विचारावे, आणि फेरफार होऊन नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. रक्कम ठरली असेल तर ती शेवटच्या तारखेला कोर्टात हातात पडली पाहिजे, "कापूस विकल्यावर देतो" यावर सही नको.

हे सगळे लग्न मोडल्यानंतरचे. आमच्या धंद्यात सांगतात की बीजप्रक्रिया पेरणीआधी करायची, रोप पिवळे पडल्यावर नव्हे. बाईच्या नावाचा कागद घर शाबूत असतानाच झाला पाहिजे, कारण मोडताना कायदा तिला जमीन देत नाही हे वर पाहिलेच. तेरखेड्यात फटाक्याच्या कारखान्यात बाया रोजाने जातात. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे मिळून एक, पण उचल त्याच्या हातात. त्या पैशातून घेतलेला प्लॉट त्याच्या नावावर आणि बचत गटाचे कर्ज मात्र तिच्या नावावर. घर मोडले की प्लॉट तिथेच राहतो आणि हप्ता तिच्याबरोबर माहेरी येतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, आणि त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. आपल्या जमिनीचा तुकडा शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवले. पुढे १९९२ साली महसूल खात्याने परिपत्रक काढले की नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून विनाशुल्क लावावे. हे परिपत्रक किती तलाठी सज्जांवर कुणी वापरले, ते आपापल्या गावात विचारून पाहावे. नुसती महसुली नोंद म्हणजे पक्की मालकी नव्हे, असे वकील म्हणतील आणि ते बरोबर आहे. पक्के करायचे तर नोंदणीकृत बक्षीसपत्र. शेतजमीन किंवा राहते घर बायकोला, मुलाला, मुलीला बक्षीस दिले तर २०१५ पासून मुद्रांक फक्त २०० रुपयांचा आहे. अधिभार आणि नोंदणी फी वेगळी, ती दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्यावी. घराचे तर आणखी सोपे. 'घर दोघांचे' म्हणून २००३ साली ग्रामविकास खात्याने सांगितले आहे, नमुना आठवर दोघांची नावे लागतात. ग्रामपंचायतीने एका ग्रामसभेत अर्ज गोळा केले तरी निम्मे गाव होऊन जाईल.

"आन् उद्या ती जमीन घेऊन गेली तर?" हे प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतेच. बक्षीस दिले ते तिचे झाले, हे खरेच आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तिच्या पश्चात ती जमीन कुणाकडे जाते? मृत्युपत्र केले नसेल तर तिच्या मुलांकडे, मुलींकडे आणि नवऱ्याकडे. आणि आजवर दारू, जुगार, सावकार यांच्यापायी जमीन गेलेली घरे मी बरीच पाहिली. बायकोच्या नावावर केल्यामुळे गेलेले घर मला अजून दिसायचे आहे.

त्या ताईचे सांगायचे राहिले. तिचा मोफत वकिलाचा अर्ज झाला, वकील मिळाला, पोटगीचा आणि स्त्रीधनाचा दावा लागला आहे, तारखा चालू आहेत. त्या दिवशी बोलता बोलता मी तिच्या भावाला म्हणालो होतो की १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला आहे, २०२० च्या निकालाने तर बाप २००५ ला हयात होता की नव्हता हाही प्रश्न उरला नाही. तेव्हा ताईच्या नावाचा तुमच्याच सातबाऱ्यावर हिस्सा असेल, त्यावर ओळखपत्रही निघेल.

भाऊ खाली बघायला लागला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, राखीला आली असताना, तिचे हक्कसोडपत्र करून घेतले होते. नोंदणीकृत. साडी दिली होती.

तिने काही म्हटले नाही, पिशवीची गाठ मारत राहिली. भावाने बहिणीला बक्षीसपत्र करून दिले तर २०० रुपयांची सवलत नाही, मुद्रांक जास्त पडतो, एवढे मी सांगितले. तो म्हणाला, "बघू साहेब, पुढच्या सुगीला एखादा एकर." नंतर दोनदा भेटला, दोन्ही वेळा सोयाबीनच्या भावावर बोलला. मी एकदा विषय काढला आहे, आणखी एकदा काढणार आहे.